डाव्या सीटखाली

“बाबा, तुमची गाडी रडते का हो?”

विचारलं मी. शाळेच्या फाटकासमोर, भर गर्दीत, गाडीच्या खिडकीत वाकून, दप्तर एका खांद्यावर, आणि मागे माझ्या तिघी मैत्रिणी एकमेकींना चिमटे काढत उभ्या. पैज त्यांचीच. रेडिओ म्हणाली होती, “तू हल्ली कुणाच्या बापाला भीत नाहीस ना, मग स्वतःच्या बापाला विचारून दाखव.” (रेडिओला बंद करायचं बटण नाही, म्हणून ती रेडिओ.) ढब्बू म्हणाली, “नको गं, काकांना वाईट वाटेल,” आणि चष्मिस नुसती फिदीफिदी हसत होती. कारण रोज शाळा सुटताना बाबांची गाडी कोपऱ्यावरून वळली की आधी तो आवाज येतो आणि मागून गाडी. घूंऽऽऽ असा, बारीक, ओला, नाक चोंदलेल्या पोरानं हट्ट धरावा तसा. एवढी देखणी, बुटकी, राखाडी रंगाची, नाक पुढे काढून जमिनीला घासत चालणारी स्पोर्ट्स कार, आणि गळ्यात हे असलं रडगाणं. आणि खरंच, आंतरशालेय गोळाफेकीत माझा गोळा चुन्याच्या रेघेपलीकडे जाऊन पडल्यापासून मी कुणाला भीत नव्हते. दंडाला दंड असल्यासारखं वाटत होतं. जिन्यावरून उतरताना मी भिंतीकडे सरकत नाही आता, मधून उतरते. ज्यांना सरकायचं त्यांनी सरकावं. म्हणून विचारलं. बाबा हसले. फाटकात बाबा नेहमीच हसतात; माझ्या मैत्रिणींच्या मते ते जाहिरातीतून थेट रस्त्यावर उतरलेले आहेत. “रडते कुठे? गाते ती,” ते म्हणाले, आणि तिघी खिदळल्या. मी बसले, दार ओढलं, पट्टा लावला, आणि पट्ट्याचा खटका वाजतो न वाजतो तोच गाडीने अशी उडी घेतली की माझं डोकं मागे आपटलं आणि जीभ दातांत सापडली. तोंडात रक्ताची चव आली, गंजक्या नळाच्या पाण्यासारखी. बाबांच्या तोंडावर हसू तसंच होतं, दुकान बंद झाल्यावरही पाटीवरचा दिवा जळत राहावा तसं. घरी जायला डावीकडे वळायचं असतं. आम्ही सरळ गेलो.

गाडी दोन माणसांची आहे. मागे सीट नाहीच, नुसती एक फळी, तिच्यावर माझं दप्तरही तिरकं ठेवावं लागतं. घरात माणसं तीन आणि गाडीत जागा दोन, म्हणजे एक जागा कायम बाबांची, आणि दुसरीवर कधी मी, कधी आई. मी आणि आई दोघी मिळून त्या गाडीत कधीच बसलेलो नाही. मी बसते ती शाळेतून घरी येताना. आई बसते ती फेरीला. फेरी हा आमच्या घरातला शब्द आहे. बाहेरच्या माणसाला त्यात काही दिसणार नाही; नवरा बायकोला घेऊन चक्कर मारायला जातो, शेजारच्या डेंटिस्टबाई तर म्हणतात, “नशीबवान आहे हो तुमची आई, लग्नाला इतकी वर्षं झाली तरी फिरायला नेतात.” डेंटिस्टबाईंच्या भिंतीला आमची भिंत लागून आहे, आणि म्हणूनच बाबा घरात आवाज करत नाहीत. घरात ते फक्त म्हणतात, “चल, फेरी मारून येऊ.” आई हातातलं काम जिथल्या तिथे ठेवते, गॅस बंद करते, केस घट्ट बांधते. मी खिडकीत उभी राहते. गाडी सुरू होते, फर्स्ट, सेकंड, थर्ड, आवाज लांब जातो, आणि मग किती तरी वेळ नुसता रस्ता. येताना मी गिअर ऐकते. थर्डवरून सेकंड हळूच पडला तर बाबांचा राग निवलेला असतो. इंजिन किंचाळत सेकंड घुसडला तर निवलेला नसतो, आणि मग मी आधीच बर्फ काढून ठेवते. आई वर येते, उभ्या उभ्या पाणी पिते आणि मला विचारते, “अभ्यास झाला?” फेरीचा एकच नियम आहे. शेजारी बसणाऱ्याने बोलायचं नाही. बाबा बोलतात, गाडी बोलते. एकदा आई बोलली होती, “हळू चालवा ना,” एवढंच. त्या दिवशी ती परत आली तेव्हा तिचा हात मनगटापासून भलतीकडेच बघत होता. दवाखान्यात बाबांनी सांगितलं, चुकून दारात सापडला. आमच्याकडे सगळं चुकून होतं. कपाटाची काच चुकून फुटते, गरम चहा चुकून उडतो, मी लहान असताना माझा कान चुकून तीन दिवस वाजत राहिला.

तो आवाज सुरू झाला सहामाहीच्या सुमाराला. बाबांनी तो जितका मनावर घेतला तितकं माझं प्रगतिपुस्तकही कधी घेतलं नाही. जेवताना ताटावरून मान वर करून विचारायचे, “आज जास्त होता ना गं, ठमे?” मी ठमी, फक्त त्यांच्या तोंडी, आणि फक्त मूड बरा असताना. मला तो प्रश्न आवडायचा. खोटं कशाला बोलू, गाडी मला आवडते. तिचा वास आवडतो, चामड्याचा आणि पेट्रोलचा. गिअरच्या दांडीवर बाबा तळहात ठेवतात तेव्हा दांडी हातात कशी अलगद चालते, ते बघायला आवडतं. कानाने गिअर ओळखायला मला बाबांनीच शिकवलंय. मी पाचवीत असताना ते माझं डोकं मांडीवर टेकवून म्हणायचे, डोळे मीट, सांग आता कितवा. मी चुकले नाही कधी. तर आवाज. बाबांचं म्हणणं, तो दांडीत येतो, म्हणजे गिअरबॉक्समधलाच आहे. गॅरेजातल्या मिस्त्रींनी क्लचची प्लेट बदलली. आवाज तसाच. गिअरचं ऑइल बदललं, पातळ काढून जाड घातलं, तसाच. मग गिअरबॉक्स खाली उतरवून उघडला, आतले दात न् दात पुसून पाहिले, परत बसवला, तसाच, दुसऱ्यांदा उघडला. मिस्त्री बिचारे म्हणत होते, “साहेब, मला शेजारी बसू द्या, एकदा रस्त्यावर ऐकतो.” बाबा म्हणाले, “माझ्या शेजारी फक्त घरची माणसं बसतात. आणि चालवणार मीच. तुम्ही बोनेट उघडा.” दुसऱ्यांदाही काही निघालं नाही तेव्हा मिस्त्री बोनेटखाली वाकून काहीतरी घट्ट करत होते, आणि बोनेट पडलं. चुकून. मी तिथेच होते, पत्र्याच्या खुर्चीवर भूगोल वाचत. बोनेटचा आवाज मला आठवत नाही. त्यानंतरचा आठवतो, म्हणजे मिस्त्री ओरडलेच नाहीत, तो. त्यांनी बोटं काखेत दाबून धरली आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. बाबांनी खिशातून स्वच्छ रुमाल काढून पुढे केला.

“सांग,” बाबा आता म्हणाले. “कधी रडते?”

आम्ही गोदामांच्या रस्त्याला लागलो होतो. लांबलचक रस्ता, दोन्हीकडे पत्र्याच्या भिंती, मधे दुभाजक, दुपारच्या वेळेला चिटपाखरू नाही. थर्ड, फोर्थ. दांडी त्यांनी हाताने नाही, मुठीने ढकलली, आणि खाली कुठेतरी लोखंडाला लोखंड चावलं. मला वाटलं, आता मला गप्प बसायचंय, मी आता आईच्या जागेवर आहे, हे शाळेतून घरी जाणं नाही, ही फेरी आहे, माझी पहिली. आणि, लाज वाटते सांगायला, मांड्यांत एक उकळी आली. वेग असा असतो. वर्तुळात गिरकी घेताना, गोळा हातातून सुटायच्या आधी, अस्साच असतो. “बोल ना,” बाबा ओरडले, “मैत्रिणींसमोर तोंड चालतं ना? बोल, कधी रडते? आत्ता रडते?” डावा हात माझ्या डोक्याच्या मागे आला, पंजा पसरून, आणि त्यांनी माझं डोकं काचेकडे ढकललं, फार जोरात नाही, नळ घट्ट करतात तसं. कपाळ काचेवर टेकलं, आणि काच थरथरत होती, आणि त्या थरथरीत तो होता, घूंऽऽऽ. मी म्हटलं, “हो, आत्ता रडते.” माझा आवाज मला अनोळखी वाटला. फेरीच्या सीटवरून आलेला बहुतेक तो पहिला शब्द होता ज्यावर काही झालं नाही. बाबांनी हात काढून घेतला. “किती वेगापासून?” त्यांनी विचारलं, आणि त्यांचा स्वर एकदम बदलला, जेवताना ठमे म्हणतात तेव्हाचा झाला. “चाळीसच्या पुढे,” मी म्हटलं, “थांबा, म्हणजे बाबा, आधी एकदा पूर्ण थांबा. उभ्या गाडीत ऐकू.”

आणि ते थांबले. माझ्या सांगण्यावरून. बाबा, थांबा असं म्हणून कुणी बाबांना थांबवलंय हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. गाडी रस्त्याच्या मधोमध उभी, न्यूट्रलवर, आणि बाबा ॲक्सिलरेटर दाबतायत, इंजिन गुरगुरतंय, आणि तो आवाज नाही. क्लच दाबला, सोडला. नाही. “म्हणजे इंजिन नाही,” मी म्हटलं. “क्लचही नाही. गिअरबॉक्सच्या तोंडाशी जे फिरतं तेही नाही, ते आत्ताही फिरतंय की.” “हं,” बाबा म्हणाले. “पुढे?” मग पुन्हा पळवली, आणि भरवेगात त्यांनी क्लच दाबला, आवाज तसाच; न्यूट्रल केलं, तसाच; आणि मग माझ्याकडे बघून डोळा मारला आणि किल्ली मागे फिरवून इंजिनच बंद केलं. भरवेगात. मला ते कधीच विसरता येणार नाही. सगळं एकदम नाहीसं झालं, गुरगुर, थरथर, बाबांचं ओरडणं, सगळं, आणि बंद पडलेली गाडी नुसती वाऱ्यावर घरंगळत चाललेली, आणि त्या शांततेत फक्त तो, एकटा, उघडा, घूंऽऽऽ, अंगावरचं पांघरूण कुणी ओढून काढलेल्या माणसासारखा. बाबांनी मान तिरकी केली होती, तोंड थोडं उघडं. ऐकताना त्यांचा चेहरा इतका सुंदर दिसतो. मलाही माहीत होतं की माझीही मान तशीच तिरकी आहे, त्याच बाजूला, तितकीच. मला वाटलं या माणसाला असं ऐकता येतं, इतकं बारीक ऐकता येतं, म्हणजे घरातलंही याला सगळं ऐकू येत असणार. आई बाथरूमचा नळ सोडून ठेवते आणि आत जे करते ते. सगळं ऐकून हा ताटावर बसतो आणि विचारतो, आज जास्त होता ना गं.  गाडीचा वेग उतरत गेला तसा तो आवाजही उतरत गेला, आणि बाबा कुजबुजले, “चाकाबरोबर जातोय. बघितलंस? इंजिनशी देणंघेणंच नाही त्याचं. शाब्बास ठमे.” त्यांनी माझ्या दंडावर थाप मारली आणि थाप तिथेच ठेवली, दंड चाचपत. “हा दंड माझ्यावर गेलाय,” ते म्हणाले. “तुझ्या आईकडे सगळे काडीपैलवान.”

त्या दंडालाच आई रोज रात्री तेल लावून देते, सरावाने खांदा भरून येतो म्हणून. माझ्या पाठीमागे बसून, म्हणजे आम्हाला एकमेकींची तोंडं दिसत नाहीत, आणि म्हणून आई तेव्हाच काय ते बोलते. मागच्या महिन्यात एकदा तेल लावता लावता ती म्हणाली, “तो आवाज गिअरचा नाही गं.” मी म्हटलं, मग कशाचा? “ते मला काय कळतंय. पण माझ्या खालून येतो. इथून,” आणि तिनं स्वतःच्या डाव्या बाजूला, कमरेमागे, हात लावून दाखवला असणार, कारण माझ्या खांद्यावर एकच हात उरला. मी म्हटलं, अगं मग सांग ना बाबांना, ते बिचाऱ्या मिस्त्रींची बोटं मोडतायत. आईचा तेलकट अंगठा माझ्या खांद्याच्या खोबणीत जरा जास्तच रुतला. “तिथे बोलायचं नसतं,” ती म्हणाली. “आणि घरी सांगितलं तर विचारतील, तिथे का नाही बोललीस.” मी हसले होते तेव्हा. म्हटलं, आई, तुमचं दोघांचं म्हणजे ना. आणि आता तिच्या जागेवर बसून माझ्या कमरेमागे, डाव्या बाजूला, सीटच्या स्प्रिंगांतून, पट्ट्यातून, दप्तर ठेवायच्या फळीतून तो मला बारीक टोचत होता, आणि मला कळलं की बाबांच्या जागेवरून तो असा टोचणारच नाही. त्यांना तो दांडीतून येतो, लांबून, सगळ्या लोखंडातून पाझरत. अख्ख्या जगात एकच माणूस होतं ज्याला तो कुठून येतो ते ठाऊक होतं, आणि त्या माणसाला ठाऊक असल्याचं सांगायची बंदी होती, म्हणून गिअरबॉक्स दोनदा उघडला गेला आणि एका माणसाची बोटं गेली. मला हसूच आलं. म्हणजे आत आलं, बाहेर नाही.

“आता सर्कल,” मी म्हटलं. मला थांबवत नव्हतं. गणित सुटत आलं की मला असंच होतं, पोट दुखत असलं तरी हात लिहीत राहतो. गोदामांच्या रस्त्याच्या टोकाला एक मोठं सर्कल आहे, मधे वाळकं गवत. बाबा उजवीकडे वळत वळत त्याला फेऱ्या मारू लागले, आणि गाडी सगळी माझ्या बाजूला कलली, माझा खांदा दारावर दाबला गेला, आणि तो आवाज माझ्या खाली असा फुगला की ते रडणं राहिलंच नाही, तो टाहो झाला. “ऐकलंत?” “ऐकलं,” बाबा म्हणाले. “आता उलटं.” उलटं म्हणजे सर्कलला उलट्या बाजूने, समोरून येणाऱ्याच्या तोंडावर. त्यांनी चाक असं फिरवलं की मी त्यांच्या अंगावर जाऊन पडले. गाडी त्यांच्या बाजूला कलली, माझी बाजू हलकी झाली, आणि आवाज गेला. एकदम गेला, पुसल्यासारखा. आम्ही दोघंही एकाच वेळी “हां” म्हणालो, आणि समोरून टेम्पो आला. टेम्पोनेच ब्रेक लावले, आम्ही नाही; आम्ही त्याला चाटून पुढे जाऊन थांबलो. टेम्पोवाला खाली उतरला, वयस्कर माणूस, शर्टाची वरची दोन बटणं उघडी, आणि म्हणाला, “अहो मुलीला मारायचंय का?” बाबा उतरले. मी आरशातून पाहिलं, म्हणून सगळं छोटं आणि उलट्या हाताने झालं. त्यांनी त्याची कॉलर धरली नाही, वादही घातला नाही. चालत गेले आणि त्याच चालीत एक ठोसा त्याच्या तोंडावर, दुसरा पोटात, आणि तो वाकला तेव्हा गुडघा. माणूस पडतो तेव्हा पिक्चरमध्ये येतो तसा आवाज येत नाही. पिठाची गोण खाली ठेवावी तसा येतो. तो चारी हातांपायांवर राहून जमिनीवर काहीतरी शोधत होता, बहुतेक दात. मी पट्ट्याचा खटका चाचपत होते, उतरायला, आणि उतरून काय, तो विचार बोटांपाशी पोचायच्या आत बाबा परत येऊन बसले होते. हाताच्या सांध्यांवर फुंकर घालत म्हणाले, “हां, कुठे होतो आपण?”

गाडी सुरू झाली, टेम्पो मागे टाकून निघाली, आणि मी उत्तर दिलं, ते का दिलं ते मला अजून सांगता येत नाही. घाबरून नाही. उत्तर तोंडात तयार होतं आणि जीभ रक्ताने जड झाली होती, तिला काहीतरी खाली ठेवायचं होतं. “मागचं डावं चाक,” मी म्हटलं. “चाकाचं बेअरिंग. उजवीकडे वळलं की सगळा भार डाव्या चाकांवर येतो, तेव्हा ते रडतं. भार उतरला की गप्प.” बाबा मान हलवत होते, खूश होते, वाजवीपेक्षा जास्त खूश. “पण एकच कसं गेलं?” ते म्हणाले. “झिजायचं तर चारी झिजतील. एकच चाक—” आणि इथे मी गप्प बसायला हवं होतं, पण मी म्हटलं, “एकच जातं ते मार बसल्यावर. चाक कशाला तरी जोरात आपटलं की.” म्हटल्यावर मला दिसलं. दर रविवारी गाडी मी धुते. मागच्या डाव्या चाकाच्या रिमवर एक ओरखडा आहे, बोटभर रुंद, फुटपाथच्या कडेचा दगड घासल्यासारखा, बाकी तिन्ही चाकं चकचकीत. तो सहामाहीच्या तोंडावरचा आहे. तो पडला त्या दिवशी आई फेरीहून आली तेव्हा तिच्या एकाच पायात चप्पल होती, आणि ती डावा कान झाकून खूप वेळ जिन्यातच बसली होती. त्यानंतर ती फेरीला जाताना चप्पल घालत नाही. माझे जुने शाळेचे बूट घालते, नाडीचे. म्हणजे बाबांनी गाडी तिच्या बाजूने फुटपाथवर घातली होती. चुकून नाही. वेगात, कडेला घासत, तिच्या दारापासून वीतभर अंतरावर भिंत, आणि मग धाड. त्या एका दणक्यापासून तो आवाज होता, आणि तो दणका कुणी दिला ते या गाडीत बसलेल्या दोघांनाही आता माहीत होतं. बाबांच्या तोंडावरचा दिवा विझला.  मग अगदी साध्या आवाजात, स्वतःशीच हिशेब करावा तसं म्हणाले, “तुला एका दुपारी कळलं. ती इतके महिने या सीटवर बसते. तिला ऐकू आलं नाही?”

मी म्हटलं, “नसेल आलं.” “आलं असेल,” बाबा म्हणाले. “ऐकत होती ती. मला गाढवासारखा गिअरबॉक्स उघडताना बघत होती आणि मनात हसत होती.” गाडी घराकडे वळली. थर्डवरून सेकंड, इंजिन किंचाळलं. खिडकीतल्या मला माहीत होतं की आता कुणीतरी बर्फ काढून ठेवायला हवा, पण खिडकीत कुणी नव्हतं, खिडकीतली मी इथे होते. माझ्या डोक्यात वाट्टेल ते येत होतं. हँडब्रेक ओढावा. स्टिअरिंगला हिसका द्यावा. याच्या गळ्याच्या हाडाखालच्या खड्ड्यात कोपर मारावं, कोपर माझं चांगलं आहे, सर म्हणतात, सगळी ताकद तिथूनच येते. मी ते करताना मला स्पष्ट दिसत होते, आणि दिसताना बरं वाटत होतं, इतकं बरं की भीती वाटली. टेम्पोवाल्याकडे चालत जाताना बाबांनाही असंच बरं वाटत असणार. माझं उत्तर बरोबर होतं, शंभर टक्के बरोबर, आणि त्या बरोबर उत्तराचा मार आता आईला बसणार होता. आतापर्यंत ती न बोलल्यामुळे वाचत होती. आता न बोलल्याबद्दल.

इमारतीच्या खाली आई उभीच होती. गाडीचा आवाज तीही ऐकतेच की. केस घट्ट बांधलेले, पायात माझे जुने बूट, नाड्यांची दुहेरी गाठ. बाबांनी इंजिन चालूच ठेवलं. “तू उतर,” मला म्हणाले, आणि काच खाली करून आईला, गोड आवाजात, “चल, फेरी मारून येऊ. एक गंमत ऐकवायची आहे.” आई माझ्या दाराशी आली, दार उघडलं. माझ्या ओठांकडे तिने पाहिलं, मग बाबांच्या हाताच्या सांध्यांकडे, आणि तिला सगळं कळलं, किंवा जेवढं कळायला हवं तेवढं कळलं. “उतर बाळा,” ती म्हणाली. “जेवण झाकून ठेवलंय. मी येतेच.” आणि एक पाय तिने आत ठेवायला उचललासुद्धा, इतका सराव. मी उतरले नाही. त्यात शौर्य वगैरे काही नव्हतं. साधी वजाबाकी होती. जागा दोन. एक त्यांची. दुसरीवर मी आहे तोवर आई मावत नाही.

“उतर म्हणतोय ना.”

“नाही.”

बाबा वळसा घालून आले, आईला कोपराने बाजूला सारलं, माझे केस मुठीत धरले आणि ओढलं. पट्ट्याचं त्यांच्या लक्षात नव्हतं. मान बाहेर आली आणि बाकीची मी आतच राहिले. दोन्ही हातांनी मी पट्ट्याचा खटका झाकून धरला होता. मग कानावर बसली, उघड्या पंजाची, आणि जग एकदम कापसात गेलं. दुसरी बसली. माझा उजवा हात खटक्यावरून उठू पाहत होता, मला जाणवलं, दंड भरून आला होता; मी त्याला उठू दिलं नाही, चांगली मुलगी आहे म्हणून नाही, तो उठला असता तर खटका उघडा पडला असता म्हणून. कापसातून डेंटिस्टबाईंच्या गॅलरीचं दार सरकल्याचं ऐकू आलं. बाबांनाही आलं. हात वरच्या वर थांबला. “अगं, ऐक,” आई म्हणत होती, “मी जाऊन येते ना, पाच मिनिटांचं काम. तू कशाला मधे पडतेस.” मी तिच्याकडे पाहिलं. तिचं तोंड मला समोरून इतक्या जवळून किती दिवसांनी दिसत होतं.

“आई,” मी म्हटलं, “मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग गेलंय. तुझ्या खालचंच. तू म्हणत होतीस ते बरोबर होतं.”

 आईनं बाबांकडे पाहिलं, मग त्या चाकाकडे, रिमवरच्या ओरखड्याकडे, आणि तिचा हात डाव्या कानाशी गेला. इंजिन चालूच होतं. गाडीच्या इतक्या जवळ उभी राहून ती आयुष्यात बोलली नसेल.

“त्याच दिवशी गेलं ते,” ती म्हणाली. बाबांना. “मला माहीत होतं.”

बाबांचं तोंड उघडलं, पण वर गॅलरीत आता एकीच्या दोघी झाल्या होत्या, आणि ते जाहिरातीतलं हसू त्यांना लवकर सापडेना. मी घसा खाकरला. कान वाजत होता, त्यामुळे आपण किती मोठ्याने बोलतोय ते मला कळत नव्हतं. बहुतेक सगळ्या मजल्यांना पुरेल एवढं.

“बाबा, आत्ताच सांगून ठेवते, नंतर चोरून गेल्या असं व्हायला नको. आई, तूही ऐक. तू वर जा, मावशीला फोन कर आणि पिशवी भर, माझी दहावीची पुस्तकं विसरू नकोस. तू खाली येईपर्यंत मी या सीटवरून उठणार नाही, मग माझं काहीही होवो. तू आलीस की आपण दोघी मावशीकडे राहायला चाललोय. आजच. बसने. शाळा मी तिथूनच करीन.”